चुली पाच, पाणी एक

तांडेल पाठ फिरवून उभे राहायचे. हात मागे बांधलेले, जाळीची टोपी थोडी मागे सरकलेली, तोंड उत्तरेकडे. त्यांच्या मागे वाळूत दगड ओळीनं मांडलेले असायचे. मी मधल्याच एखाद्या दगडाला बोट लावून विचारायचो, "हा कोनाचा?" आणि ते मागे न बघता सांगायचे, "कॉफीवाल्यांचा." मग दुसरा दगड. "हा कोनाचा?" "गाणेवाल्यांचा." सगळे दगड संपले की ते वळायचे, टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "चुली पाच, पाणी एक. चला."

तुमच्यापैकी जे खाडीकाठचे आहेत त्यांना ही रीत नवी नाही. मासळीचे वाटे घालतात, नाहीतर सागुतीचे, म्हणजे मटणाचे, तेव्हा एकजण पाठ करून उभा राहतो आणि दुसरा वाट्याला बोट लावून विचारतो. पाठ फिरवलेल्या माणसाला मोठा वाटा दिसत नाही आणि छोटाही दिसत नाही. त्यामुळे कुणी कुणावर रुसत नाही. रुसायचंच तर नशिबावर. आमच्या माणगावाकडेही हे होतं. पण बंदुका घेतलेल्या सैनिकांसमोर, कुवेतच्या वाळवंटात, पाण्याच्या टँकरला टेकून मला हे रोज सकाळी करावं लागेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी घरीच थांबलो असतो.

तांडेल रत्नागिरीकडचे. दाभोळच्या खाडीवरचं कुठलंतरी गाव. तांडेल म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या; खरं नाव आम्ही कधी घेतलं नाही, तेही कधी सांगायला आले नाहीत. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ हसन, दोघं एका अरबाच्या गलबतावर होते. हे गलबत माल नेत नसे, पाणी नेत असे. कुवेतला तेव्हा गोडं पाणी नव्हतं. वर बसऱ्याच्या नदीतून पाणी भरायचं आणि इथं आणून विकायचं. जाळ्यात आलेली मासळी गलबतावर वाटायची असली की तांडेल पाठ फिरवायचे आणि हसन वाट्याला बोट लावायचा. पुढे कुवेतच्या शुवेख बंदरावर समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना निघाला. पाण्याची गलबतं किनाऱ्याला लागली ती लागलीच. तांडेल कुवेतला उतरले, पाणीखात्याच्या टँकरवर मुकादम झाले. हसन बसऱ्यालाच राहिला, खजुराच्या वखारीत. तिथं त्यानं लग्न केलं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. खजुराच्या हंगामात येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांबरोबर भावाभावांचे निरोप चालायचे. तेवढ्यावर दोघांचं भागत होतं.

मी सातवीतून शाळा सोडलेला. मुंबईत एका ट्रकवर होतो, तिथून बोटीच्या डेकवर बसून कुवेतला आलो. बायको गावी. मला तेव्हा सगळ्याची भीती वाटायची. पोलिसाची, कागदाची, साहेबाच्या गप्प बसण्याची. आता परत पाठवतील, आता पाठवतील, असं सकाळी उठलो की पहिलं मनात यायचं. शुवेखच्या पाणीकेंद्रावर तांडेलांनी मला रांगेत उभं पाहिलं आणि मराठीतच विचारलं, "खय्चा रे तू?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग उभा काय हाइस? चढ गाडीत." त्या दिवसापासून मी त्यांच्या टँकरचा ड्रायव्हर आणि शहराबाहेर जहरा गावात त्यांच्या खोलीतला दुसरा माणूस. एवढ्यात कुणाचं आयुष्य उभं राहतं यावर माझी बायको अजून विश्वास ठेवत नाही.

ट्रक मला येत होता, टँकर येत नव्हता. अर्धी टाकी घेऊन ब्रेक दाबला की आतलं पाणी पुढे येऊन धडकतं आणि गाडी ढकलते. मी पहिल्याच दिवशी एका भिंतीत घातली असती. तांडेल शांतपणे म्हणाले, "पाणी थांबू दे, मग तू थांब." टाकी अर्धी झाली की आतून आवाज सुरू व्हायचा. गदक, गदक. "आता बोलाय लागली," ते म्हणायचे आणि तिचं बोलणं ऐकत डोळे मिटून बसायचे. जुन्या गलबतवाल्या माणसाला त्या आवाजात काय ऐकू येत असेल ते आपल्याला कळण्यासारखं नाही.

एकसष्टच्या उन्हाळ्यात इंग्रजांनी कुवेतवरचा हात काढला आणि आठवड्याभरात उत्तरेच्या शेजाऱ्यानं, बसरा ज्याचा त्या देशानं, रेडिओवरून सांगितलं की हा देश आमचाच तुकडा आहे. खोल्याखोल्यांतून लोक पेट्या भरून बसले. मीही भरली. इंग्रज सैन्य आलं, रणगाडे जहरावरून पुढे गेले. मग काही महिन्यांत ते गेलं आणि त्यांच्या जागी अरब देशांचं एकत्र सैन्य आलं. पाच देश, एक सरसेनापती. कुवेतवर हल्ला म्हणजे आपल्या सगळ्यांवर हल्ला, असं त्यांचं ठरलेलं. ते ठरवायला मोठमोठी माणसं कुठल्या कुठल्या शहरांत बसली असतील. इथं जहराच्या पुढं टेकाडाखाली पाच छावण्या पडल्या आणि त्यांना पाणी पोचवायचं काम आमच्या टँकरवर आलं.

तांडेलांना देशांची नावं येत होती, पण ते ती घ्यायचे नाहीत. कॉफीवाले, चहावाले, रोटीवाले, टोपीवाले, गाणेवाले. प्रत्येकाची चूल वेगळी. एकाला चहात साखर ओतून लागायची, एकाला चहाच नको. कुणी सकाळी लवकर जेवायचे, कुणी उन्हं चढल्यावर. परवलीचा शब्द एक, नकाशा एक, शत्रू एक. तंट्याला कारण फक्त पाणी. शुवेखहून निघताना पाणी गार असायचं. टेकाडाखाली एकेक छावणी करत जाईपर्यंत टाकी तापायची आणि शेवटच्या छावणीला जे मिळायचं त्यात अंडी शिजली असती. त्यामुळे पहिलं कुणाला, यावरून रोज तोंडातोंडी. एकदा दोन छावण्यांच्या गाड्या आमच्या टँकरसमोर आडव्या आल्या. दोन्हींतली माणसं खाली उतरली. मी स्टेअरिंग धरून बसलो आणि बायकोचं नाव घेत राहिलो.

तांडेल खाली उतरले. वाळूतून पाच दगड गोळा केले, ओळीनं मांडले. पहिला दगड पहिली पाळी, शेवटचा शेवटची. मला म्हणाले, "ये, बोट लाव." आणि पाठ फिरवून उभे राहिले.

आता आपल्याकडे ही न्यायाची खूण. तिथं पाठ फिरवणं म्हणजे तोंडावर अपमान. रोटीवाल्यांचा दांडगा हवालदार पुढे आला आणि त्यानं तांडेलांच्या सदऱ्याला मागून धरलं. तांडेल हलले नाहीत. पाठमोरे राहूनच, त्यांच्या अरबीत, त्याला सांगत राहिले की बाबा, तुझ्याकडे बघितलं तर मी तुझी बाजू घेईन, त्याच्याकडे बघितलं तर त्याची. म्हणून कुणाकडेच बघत नाही. हवालदार थांबला. मग हसायला लागला. त्या दिवशी पहिली पाळी त्याचीच निघाली, हे बरं झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची शेवटची निघाली, तेव्हा बाकीच्यांचा विश्वास बसला.

पण त्या अरबीनं दुसरं एक केलं. पाची छावण्यांमध्ये मेळ ठेवायला एक अधिकारी नेमलेला होता. जाड चष्म्याचा, हळू बोलणारा माणूस. तो तिथं उभा होता. त्यानं तांडेलांना विचारलं, हे असं बोलायला कुठं शिकलास? कारण ती बोली बसऱ्याची होती, पलीकडची. मला वाटलं आता हे म्हणतील मुंबईत शिकलो, किंवा मशिदीत शिकलो. तांडेलांनी सरळ सांगितलं. त्या नदीचं पाणी मी या गावाला आणून पाजलं आहे, माझा भाऊ अजून तिथं आहे, बोली त्याच पाण्याची आहे. अधिकारी म्हणाला की उद्यापासून दगड मांडायला जागा साफ करून ठेवतो.

तर अशी ती पाळी रूढ झाली. छावण्यांतून एकेक माणूस सकाळी येऊन उभा राहायचा आणि त्यांच्यात पैजाही लागायच्या. चहावाल्यांचा आचारी एकदा मेंढीचा पाय कापडात बांधून घेऊन आला आणि तांडेलांच्या कानाशी लागला, की उद्या आमचं नाव पहिल्या दगडावर घे. तांडेल म्हणाले, "अरे, मना पाठीला डोळे हायत काय?" आचाऱ्यानं विचार केला आणि ते त्याला पटलं. मेंढीचा पाय मात्र त्यानं परत नेला नाही. आम्ही तो खाल्ला. तांडेलांनी वाटे घातले, खोलीत आम्ही दोघंच होतो तरी पाठ फिरवूनच.

चष्म्याचा अधिकारी हळूहळू टँकरजवळ येऊन उभा राहायला लागला. तो तांडेलांना त्यांच्या कराराबद्दल सांगायचा आणि रस्त्यात तांडेल ते मला सांगायचे. आत काय भांडायचं ते भांडा, पण बाहेर बोलायचं ते एका तोंडानं. पलीकडच्यांशी कुणी एकट्यानं बोलायचं नाही, एकट्यानं सोडायचं नाही, एकट्यानं अडवायचं नाही. तांडेलांना यात नवं काही वाटलं नाही. त्यांच्या घरी चार भाऊ वेगळे झाले तेव्हा चुली वेगळ्या झाल्या, विहीर सामाईक राहिली. रहाट बदलायचा तरी चौघांनी हो म्हणायचं. "एकानं कठडा फोडला तर पोरं सगळ्यांची पडतात," ते म्हणाले. तेव्हा त्यांना ही व्यवस्था मनापासून आवडली होती.

पहिल्या हिवाळ्यात निरोप आला. सरहद्द बंद होती, होड्या बंद होत्या, पण मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या बदूंना सरहद्द ठाऊक नसते. अशा एकानं जहराच्या बाजारात तांडेलांना गाठून सांगितलं की हसनच्या छातीनं जोर केला आहे, वखारीतलं काम सुटलंय, एकटाच पडून असतो. कुवेतला सरकारी इस्पितळ होतं, फुकट आणि चांगलं. हसनला इकडे आणायचं, एवढंच तांडेलांना हवं होतं. मुंबईला जाऊन बोटीनं बसऱ्याला पोचता आलं असतं, पण मग दोघांनाही परत कुवेतला कोण घेणार? रस्ता एकच, टेकाडावरून उत्तरेला, छावण्यांमधून. जेमतेम अर्ध्या दिवसाचा.

त्यांनी चष्म्याच्या अधिकाऱ्याला विचारलं. मी शेजारी नळी धरून उभा होतो. अधिकारी म्हणाला की माझ्या हातात असतं तर आज सोडलं असतं. पण एकट्यानं सोडायचं नाही. ते त्यानंच आम्हाला शिकवलं होतं.

अर्ज गेला. पाचांनी हो म्हणायचं होतं. कॉफीवाल्यांनी लगेच हो म्हटलं, गाणेवाल्यांनीही. रोटीवाल्यांचा हवालदार स्वतः आपल्या साहेबाकडे जाऊन बसला. टोपीवाल्यांनी त्यांच्या राजधानीला विचारलं. कुणीच नाही म्हणालं नाही, हे लक्षात घ्या. वाईट माणूस यात कुणी नव्हता. मी पुष्कळ वेळा शोधून पाहिला.

मग चहावाल्यांच्या देशात काहीतरी फाटलं, तिथलं राजकारण मला कळलं नाही, आणि एका सकाळी त्यांनी तंबू उचलले. आचारी आमच्या गळ्यात पडून गेला. तांडेलांनी ओळीतला एक दगड काढून लांब ठेवला. त्यांचं हो आलेलं नव्हतं. आता जो निघून गेला त्याचं हो कुणी म्हणायचं, की चौघांचं पुरतं, हे पुन्हा सगळ्यांनी मिळून ठरवायचं होतं. अर्ज नव्यानं फिरायला लागला.

मी भ्यालो होतो. तांडेल रोज बसऱ्याचं नाव काढतात, उद्या कुणीतरी नव्या अधिकाऱ्याला वाटेल हा तिकडचाच माणूस, मग त्यांच्याबरोबर मलाही जहाजावर चढवतील. एकदा गाडीत मी म्हणालो, "तांडेल, थोडे दिवस विषय काढू नका. लोक ऐकतात."

ते म्हणाले, "ऐकू दे ना. ऐकल्याबिगर हो कसं म्हणतील?"

"आणि नाही म्हणाले तर?"

"एकानं नाय म्हटलं तर मी त्याच्या पायाशी जाऊन बसंन. पन नाय कोन म्हनतोच नाय रे." आणि बाहेर बघत म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. कठडा हाय तो."

तो हिवाळा गेला. उन्हाळा आला, टाकीला हात लावला तर फोड यायचा. दर सकाळी दगड मांडायचे, मी बोट लावायचं. चष्म्याचा अधिकारी लांबूनच मान हलवायचा, म्हणजे अजून नाही. पुढे पुढे तांडेल त्याच्याकडे बघेनासे झाले. त्यात राग नव्हता. रोज त्याला मान हलवायला लागू नये म्हणून.

खजूर पिकायच्या सुमाराला तोच बदू पुन्हा भेटला. आम्ही जहराच्या बाजाराशेजारी टँकर लावून चाक बदलत होतो. तो तांडेलांपाशी उकिडवा बसला आणि बोलला. मला सगळं अरबी कळायचं नाही, पण हसनचं नाव कळलं आणि त्याच्या मागून येणारं अल्लाचं नाव कळलं. वखारीतल्या लोकांनी माती दिली होती. तांडेलांनी त्याला पाणी दिलं, मेंढ्या कशा आहेत ते विचारलं. तो गेला. मग मला म्हणाले, "नट घट्ट कर. पहिलाच ढिला हाय."

मी घट्ट केला. ते म्हणाले, "छावणीत बोलू नको कोनाला." मी नाही बोललो. दुपारी आम्ही उरलेल्या छावण्यांना पाणी दिलं. संध्याकाळी त्यांनी भात टाकला, आम्ही जेवलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चष्म्याचा अधिकारी टँकरसमोरून जवळजवळ धावत आला. एवढ्या वयाचा, एवढ्या पट्ट्यांचा माणूस वाळूत धावताना मी पहिल्यांदा पाहिला. सगळ्यांचं एकमत झालं होतं. कागदावर चारी छावण्यांचे शिक्के होते. तांडेलांनी सरहद्दीच्या नाक्यापर्यंत जायचं, पलीकडचे हसनला तिथवर आणून सोडणार, येताना छावणीची गाडी थेट इस्पितळात नेणार. पलीकडच्या नाक्यावाल्यांशीसुद्धा बोलणं झालं होतं. एका तोंडानं. रोटीवाल्यांचा हवालदार मागे उभा राहून हसत होता.

मी तांडेलांकडे बघत होतो. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, घडी करून टोपीत ठेवला. अधिकाऱ्याचा हात हातात घेऊन त्याला, त्याच्या मुलाबाळांना, पाची देशांना दुवा दिला. पाची म्हणाले, चार नाही. अधिकाऱ्यानं विचारलं, कधी निघतोस? तांडेल म्हणाले, पाणी पोचवून झालं की.

रस्त्यात मी गाडी बाजूला घेतली. "तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

त्यांनी बाहीनं काचेवरची धूळ पुसली. "एवढी मानसं एकत्र आली," ते म्हणाले, "एका गलबतवाल्यासाठी. त्यांना काय सांगू, उशीर झाला? पुढच्या टायमाला येतील काय मग एकत्र?"

मी गाडी सुरू केली. टाकी अर्धी होती, बोलत होती.

नाक्याला ते गेले नाहीत. अधिकाऱ्याची तेवढ्यात बदली झाली, त्यामुळे त्याला ते कधी कळलं नसावं. निदान मी तसं धरून चाललो आहे. पुढचा हिवाळा संपताना उत्तरेकडचं राज्य बदललं, धोका टळला म्हणाले आणि उरलेल्या छावण्याही एकामागून एक उठल्या. प्रत्येक वेळी तांडेल एक दगड उचलून लांब ठेवायचे. शेवटी ओळीत एकच राहिला, गाणेवाल्यांचा. ओळ तरी कसली. तरीसुद्धा ते रोज पाठ फिरवायचे, मी त्या एका दगडाला बोट लावून विचारायचो आणि गाणेवाल्यांचा माणूस टाळ्या वाजवायचा.

एका सकाळी आम्ही पोचलो तर गाणेवालेही नव्हते. आम्हाला निरोप मिळायचा राहिला होता. खुंट्यांची भोकं, चुलीची काळी जागा, एक फाटका बूट. टाकी काठोकाठ भरलेली. आम्ही खाली उतरलो, सवयीनं. तांडेल पाठ फिरवून उभे राहिले, हात मागे, मनगट हातात, तोंड उत्तरेकडे. त्यांना थांबवावं असं मला वाटलं नाही. मी वाकलो, दगडाला बोट लावलं.

"हा कोनाचा?"

वारा नव्हता.

"हसनचा," ते म्हणाले. कॉफीवाल्यांचा म्हणायचे त्याच आवाजात.

मी वाट बघितली. ते वळले नाहीत, तेव्हा मी गाडीत जाऊन बसलो. थोड्या वेळानं तेही आले, दार ओढून घेतलं आणि डोळे मिटले. त्याच मोसमात ते बोटीनं गावी गेले, परत आले नाहीत. जहराच्या खोलीत मी पुढे कितीतरी वर्षं राहिलो. माझी नोकरी टिकली, मला कुणी परत पाठवलं नाही.

पण ते बोटीवर चढताना मला आठवत नाहीत. मला तो परतीचा रस्ता आठवतो. आजवर आम्ही त्या रस्त्यानं रिकामे परतायचो, नाहीतर अर्धे, आणि टाकी मागे बोलत असायची. त्या दिवशी ती काठोकाठ भरलेली होती. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. जहरा येईपर्यंत मागून काही ऐकू आलं नाही.